आतल्या पिशवीवरचं कुंकू

डोंबिवली, २३ मे १९८६

चि. सौ. मंदाकिनी हिस अनेक आशीर्वाद.

टप्प... मग बराच वेळ काही नाही. आणि पुन्हा टप्प.

तुझं पत्र वाचता वाचता मला हा आवाज ऐकू आला. आम्ही कल्याणला राहायचो आणि सुधीर पाच-सहा महिन्यांचा होता, तेव्हाचा. खिडकीच्या गजाला वाटलेल्या नाचणीचं गाठोडं टांगलेलं असायचं, खाली पितळेचं पातेलं. मी कामाला निघताना ते ठिबकत असायचं आणि परत आलो तरी ठिबकतच असायचं. आमचे धोंडीबा गुरुजी कवितेच्या तासाला एक ओळ म्हणून थांबायचे, वर्गाने ती मागून म्हणावी म्हणून. ते पातेलंही तसंच थांबायचं. तू पत्रात 'नाचणीचं सत्त्व' असे दोन शब्द लिहिलेस आणि तो आवाज इतक्या वर्षांवरून चालत आला. पोरी, एवढ्यासाठीसुद्धा तुझे उपकार आहेत.

वर 'सौ.' लिहिताना पेन जरा अडलं. सुधीर गेल्यावर तुझ्या नावाआधीचं ते अक्षर गाळायला लागलं तेव्हा हात जड झाला होता. आज परत लिहिलं आणि हात हलका झाला. तू नर्सच्या नोकरीवर जर्मनीला गेलीस, पुढे तिथे योहानरावांशी लग्न केल्याचं कळवलंस, त्याला इथून उत्तर गेलं नाही, मग तूही थांबलीस. ते सगळं आता कशाला उकरायचं? पत्र आलं, हे मोठं.

रशियातल्या त्या अणुभट्टीचं आम्ही पेपरात वाचलं होतं. पण पेपरातली बातमी आणि आपल्या माणसाचं पत्र यात फरक असतो. तुमच्या गावावर पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या खेळायच्या वाळूला दोरी बांधली. पालेभाजी खाऊ नका म्हणाले. शेजारच्या देशांतून येणारा माल सरहद्दीवरच थांबवला. आणि दुधाची जुनी भुकटी दुकानांतून एका दिवसात उडाली. तुझी लेना सात महिन्यांची. तुझं अंगावरचं दूध आटलेलं, आणि बाटलीत काय घालायचं तेच कळेना, म्हणून तू इथलं सत्त्व मागवलंस. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

शेवटी तू लिहिलंस, "आईंना चालणार नसेल तर राहू द्या अण्णा, मी रागावणार नाही." अगं, चालतं! अगदी आनंदाने चालतं. पत्र वाचून दाखवलं आणि तुझ्या सासूबाई लगेच कामाला लागल्या. सध्या घसा बसलाय म्हणून बोलत नाहीत एवढंच.

नाचणीची सोय झाली. मोठागावची शेवंती तुला आठवत असेल, दारावर सुकट घेऊन यायची ती. तिची नणंद मुरबाडकडे दिलेली आहे, त्यांच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी होते. शेवंतीने विचारलं, "पोर कोनाची, अण्णा?"

"आमच्या मंदाची."

"मंदाला पोर झाली?" टोपली उतरवून ती पायरीवरच बसली. "मंग गेल्या दिवालीची आनते. तवाचा वारा चांगला होता."

अणुशास्त्राचं मला काही कळत नाही, पण तूही तेच लिहिलं आहेस: एप्रिलच्या आधीचं काहीही चालेल. तर ही नाचणी आधीची आहे, निर्धास्त राहा.

योहानरावांना नमस्कार सांग. बाळीला पापा.

तुझा,
अण्णा


डोंबिवली, ७ जून १९८६

चि. सौ. मंदाकिनी हिस अनेक आशीर्वाद.

पार्सल गेलं. सकाळी विमानाच्या टपालाने रवाना केलं. पोस्टातल्या बाबाने वजनाला दोनदा ठेवलं, मी त्याला तिसऱ्यांदा ठेवायला लावलं.

काम झालंय, तेव्हा आता खरं सांगायला हरकत नाही. हिचा घसा बसला नव्हता. ती माझ्याशी बोलत नव्हती.

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव काय म्हणालात पोरीचं?"

"लेना."

"लेना? आणि देना कुठाय?" असं म्हणून सूप घेऊन आत गेली, ती दोन दिवस मुकी.

मग मीच नाचणी भिजवली. ज्याने जन्मात चहा केला नाही त्याने सत्त्व काढायला बसावं, याला धाडस म्हणतात का काय ते तूच ठरव. वाटली कशीबशी. गाठोडं बांधून टांगलं. आवाज आला, टप्प, आणि मी त्या आवाजातच रमलो. पाणी बदलायचं असतं हे मला कुठे ठाऊक! मे महिन्याचा उकाडा. दुसऱ्या दुपारी ती नाकाला पदर लावून आली.

"काय मेलंय इथे?"

"सत्त्व आहे."

"हे सत्त्व? हे पोटात गेलं तर तो स्फोट परवडला म्हणेल ती पोर." सगळं पातेलं मोरीत ओतलं तिने. मग बराच वेळ मोरीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, संपलं. पण ती पाटा धुवायला लागली. "शेवंतीला सांगा, अजून आण म्हणावं. आणि तुम्ही ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका."

त्यानंतर मी उंबऱ्याबाहेर बसून शाळेतल्या कविता चालीवर म्हणत होतो आणि आत वरवंटा घसरत होता. तिच्या उजव्या हाताचं बोट वाकडं आहे ना, वरवंट्याखाली सापडलेलं, ते असं बाजूला काढून ती वाटते. तुझ्या लेनासाठी मी एक नवीनही केली:

दूरदेशीची लहान लेना
भूक लागली, काही खाईना...

आतून आवाज आला, "खाईना काय खाईना! अपशकुन करता कशाला? खाते म्हणा."

मग मी 'खाते' केलं. यमक गेलं, जाऊ दे.

वस्त्रगाळ करताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुधीर गरम खीर थुंकायचा. गार करून घालावी लागते. तसं लिहा तिला."

मंदा, तुझ्यासाठी तिने पाठवलेला हा पहिला निरोप. मी तो जसाच्या तसा लिहिला आहे.

थोड्या वेळाने म्हणाली, "तो काय करतो?"

"कोण तो?"

"तोच."

"यंत्रं बसवतो. इंजिनियर आहेत योहानराव."

"बरं," म्हणाली. नाव काही घेतलं नाही. इतक्यात अपेक्षाही नको. तुला तुझं असं माहेर नाही, मामांनी वाढवलेली तू, म्हणून हिला तुझी माया फार होती, आणि म्हणूनच राग फार. "तिने नाव बदललं, आता सुधीरचं नाव सांगणारं जगात कोण उरलं?" हे ती एकदाच बोलली, पण मला रोज ऐकू येतं.

सत्त्व गच्चीवर वाळवलं. माझं जुनं धोतर अंथरून, स्वतःच्या डोक्यावर छत्री धरून ती दोन दुपारी बसली होती. पाऊस तोंडावर आलाय म्हणून सारखी आभाळाकडे बघायची, आणि कावळ्यांना शिव्या. पिठी अशी झाली आहे की चिमटीत घेतली तर आहे की नाही कळत नाही.

बांधाबांध मात्र माझी. कल्याणच्या पार्सल ऑफिसात सगळी नोकरी झाली, तिथलं एक वळण अंगात आहे: पत्ता बाहेरही लिहायचा आणि आतही. बाहेरचं कापड फाटलं तरी माल पोरका होत नाही. म्हणून आतल्या पांढऱ्या पिशवीवर ओली करायच्या जांभळ्या पेन्सिलीने तुझा पत्ता आहे आणि त्याखाली आपला. वरून मेणकापड, त्यावर मांजरपाट, टाके घातले, लाख लावली. 'लहान मुलाचं खाणं' असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलं.

शिवायच्या आधी ती हात पुसत आली आणि म्हणाली, "जरा तोंड फिरवा."

मी फिरवलं. तिने पिशवीवर काय केलं ते मी नंतर पाहिलं, पण सांगत नाही. उघडशील तेव्हा कळेल. तुला फार बरं वाटेल एवढंच सांगतो. मला तर पाहून इतकं भरून आलं की दाभण बोटात गेलं.

तुझा,
अण्णा


डोंबिवली, १५ जुलै १९८६

चि. सौ. मंदाकिनी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. पार्सल अडलं.

बाहेरून आलेलं अन्न यंत्राखाली मोजल्याशिवाय सोडत नाहीत, हे मी समजू शकतो. सोडूच नये. पण दुसरी हरकत मी दोनदा वाचली. कस्टमच्या कचेरीतून फोन आला की आतल्या पिशवीवर बंदी असलेली खूण आहे, लाल रंगात, ठळक. येऊन खुलासा करा. तू घाबरून विचारलंस, "अण्णा, काय काढलंत तुम्ही?"

मी नाही काढलं, मंदा. तुझ्या सासूबाईंनी काढलं. कुंकवाचं स्वस्तिक.

मुलाच्या पहिल्या अन्नाची पिशवी, ती कोरी कशी पाठवायची, एवढंच तिच्या मनात होतं. आणि मी? लढाईच्या बातम्या ऐकत वाढलेला माणूस मी. त्या खुणेखाली तिकडे काय झालं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण पिशवीवर पाहिलं तेव्हा मला ती खूण दिसलीच नाही. आपल्या उंबऱ्यावरचं रोजचं कुंकू दिसलं. पार्सल जर्मनीला चाललंय हे मी स्वतःच्या हाताने वर लिहीत होतो, तरी!

तू पुढे लिहिलंस की योहानरावांनी फोन खाली ठेवला आणि वडिलांचा विषय काढला. त्यांचे वडील त्याच खुणेखाली लढाईवर गेले ते आले नाहीत. योहानरावांनी वडिलांना पाहिलेलंसुद्धा नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं गं. कसं असणार? आम्ही कधी विचारलंच नाही.

हिला सांगायला मला सकाळची दुपार करावी लागली. आधी ती भडकलीच. "आपल्या दारावरचं त्यांनी उचलून नेलं, आणि बोल आपल्याला?" मग मी तिथे काय काय झालं ते सांगितलं. माणसं, मुलं, गाड्या भरभरून नेऊन मारली ते. तिने भांडं घासायचं थांबवलं.

"मुलंसुद्धा?"

"मुलंसुद्धा."

"आणि त्याचे वडील?"

"ते लढाईत गेले. तो पोटात होता तेव्हा."

ती ओल्या हातांनीच खाली बसली. म्हणाली, "म्हणजे माझ्या हातामुळे पोर उपाशी आहे."

"अगं, उपाशी नाही, काहीतरी देत असतील..."

"काहीतरी म्हणजे काय? काय द्यायचं तेच कळत नाही, असं लिहिलंय ना तिने! तुम्ही लिहा. कापड फाडा म्हणावं, जाळा म्हणावं. पिठी तेवढी वाचवा. पिठीचा काय दोष?" आणि पदराने हात पुसत म्हणाली, "त्याला सांगायला सांगा तिला. मला ठाऊक नव्हतं म्हणावं."

कुंकू जाळा असं ही म्हणाली, मंदा. संक्रांतीला कुंकवाचा करंडा हातातून पडला तर दिवसभर जेवली नव्हती, ती ही.

सोबत कस्टमच्या साहेबांसाठी मी इंग्रजीत एक कागद लिहून जोडला आहे. त्यात आपल्याकडे हे काय असतं ते सांगितलंय आणि चूक कबूल केली आहे. पण त्यांनी दिलेली तारीख हे पत्र पोचेपर्यंत उलटून गेलेली असेल. तू एकटीच बोलली असशील. जे सुचेल ते बोल, आमच्यावर ढकल, अडाणी म्हातारा-म्हातारी म्हण. लेनाच्या पोटात जाऊ दे.

इथे आम्ही पोस्टमनची वाट बघतो. ही जिन्यात जाऊन उभी राहते आणि मला सांगते, वारा खायला आले.

तुझा,
अण्णा


डोंबिवली, २१ ऑगस्ट १९८६

चि. सौ. मंदाकिनी हिस अनेक अनेक आशीर्वाद.

सुटलं! पार्सल सुटलं! तुझं पत्र मी आतापर्यंत इतक्यांदा वाचून दाखवलं आहे की शेवंतीलाही पाठ झालंय. ती म्हणते, "त्या गोऱ्या बायचं परत सांगा."

ती पांढऱ्या केसांची कस्टमवाली बाई मला डोळ्यांपुढे दिसते. टेबलावर पिशवी, कोपऱ्यात यंत्र, बाईंचा चेहरा दगडासारखा. तिने पिशवी तुझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, हे कोणी काढलं? आणि तू पाहिलंस. चार घरांत चार ठिपके, आणि खालची रेघ डावीकडे घसरलेली. तुझ्या लग्नात उंबऱ्यावर होती तशीच घसरलेली, वाकड्या बोटाची. आम्ही कुणी सांगायच्या आधीच तुला हात ओळखू आला. तू सगळा तयार केलेला खुलासा विसरलीस आणि एवढंच म्हणालीस, "माझ्या सासूबाईंनी काढलंय. त्या तीन वर्षं माझ्याशी बोलल्या नव्हत्या." आणि रडायला लागलीस.

बाईंनी पिशवी सोडली, यंत्र आत धरलं. टिक... मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टिक. मंदा, तू हे लिहिलंस तेव्हा तुला माझं पहिलं पत्र आठवत होतं का? मग त्या बाईंनी काय केलं तर आपला स्वतःचा डबा उघडला, पावातलं हिरवं पान यंत्राखाली धरलं, आणि यंत्र कडकड वाजायला लागलं! "ह्या खोलीत सगळ्यांत निर्मळ हेच पीठ आहे," म्हणाल्या, आणि शिक्का मारला. पीठ दुसऱ्या पिशवीत काढून ही पिशवी मात्र उलटी करून दिली. कुंकू आतल्या बाजूला. "बाहेर अशी नेऊ नका," असं खालच्या आवाजात सांगितलं.

त्या बाईंचं नाव तुला कळलं नाही. मला कळलं असतं तर रोज घेतलं असतं. कायदाही मोडला नाही आणि हिचं कुंकूही पुसलं नाही. अशी माणसं कचेऱ्यांतून बसलेली असतात म्हणून जग चाललंय. मी नोकरीत कधी कुणाचं पार्सल असं सोडवलं होतं का, ते आठवत बसलो.

पुढचं हिला सर्वांत आवडलं. "परत वाचा," म्हणाली.

"कुठून?"

"थुंकली तिथून."

तर पुन्हा वाचलं: लेनाने पहिला घास थुंकला, मग तुला 'गार करून' आठवलं, गार केलं, आणि तिने वाटी चाटूनपुसून संपवली. ही इतकी हसली की ठसका लागला. "त्याच्यावर गेलीय," म्हणाली. मी म्हणणार होतो, अगं, सुधीरवर कशी जाईल ती? पण तोंड मिटलं. जात असेल. मला काय कळतंय?

त्या अणुभट्टीचे आभार मानता येणार नाहीत. किती माणसं त्यात गेली, किती गावं उठली. पण आभार कुणाचे तरी मानायला हवेत, नाहीतर छाती फुटेल. म्हणून मुरबाडच्या त्या जमिनीचे, शेवंतीच्या नणंदेचे, त्या पांढऱ्या केसांच्या बाईंचे मानतो. आणि तुझे. तू मागितलंस म्हणून आम्हाला द्यायला मिळालं. आमच्याकडे कुणी काही मागेनासं झालं होतं.

दुसरं पार्सल पाठवलं आहे. सत्त्व पंख्याखाली वाळवलं, पावसाने हिला छळलं. आतल्या पिशवीवर ह्यावेळी रेघा नाहीत. चार ठिपके आहेत फक्त. "ठिपक्यांना नाही ना बंदी?" विचारून मगच काढले.

तुझा,
अण्णा


डोंबिवली, १० मार्च १९८७

चि. सौ. मंदाकिनी हिस अनेक आशीर्वाद.

लेनाचा फोटो मिळाला. काय तो गोबऱ्या गालांचा थाट!

इथे आता आमच्याकडेही तुमच्यासारखंच सुरू झालंय. युरोपातून आलेल्या लोण्यात त्या स्फोटाचं काही उतरलंय की नाही यावरून मुंबईच्या हायकोर्टात वाद चालला आहे. खरं-खोटं शास्त्रज्ञ जाणोत. हिने लोणी बंद केलं. दुकानदार म्हणाला, "काकू, काही होत नाही हो." तर ही म्हणाली, "तुमच्याकडे ते टिकटिक यंत्र आहे का? नाही ना? मग गप्प बसा." आमच्या इमारतीत अणूच्या बाबतीत आता हिचाच शब्द शेवटचा. बायका विचारायला येतात.

फोटो सुधीरच्या तसबिरीच्या कोपऱ्यात खोचला आहे. तिनेच खोचला. फोटोत लेना योहानरावांच्या मांडीवर आहे ना, तर योहानरावांकडची बाजू चौकटीखाली गेली आहे. लेना पूर्ण दिसते, आणि एक शर्टाची बाही. मी म्हटलं, "अगं, जरा बाहेर ओढ." म्हणाली, "जागा नाही."

जागा आहे. पण मी वाद घातला नाही. बाही तर बाही.

तुझा,
अण्णा


डोंबिवली, ९ डिसेंबर १९९०

चि. सौ. मंदाकिनी हिस अनेक आशीर्वाद.

रविवारची सकाळ आहे. खिडकीत गाठोडं टांगलेलं आहे आणि मी त्याच्या तालावर लिहितो आहे. आता तुमच्याकडे दूध-भाजी सगळं खुलं झालं, लेना बालवाडीत जाते, तिला सत्त्वाची गरज नाही हे आम्हाला कळतं. तरी दर वर्षी थोडं पाठवतो. तू 'पुरे' म्हणाली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार.

फोटोची खबर द्यायची राहिली. दर दिवाळीला ती तसबीर पुसते आणि पुसताना फोटो थोडा सरकतो. पहिल्या वर्षी खांदा आला. मग कान. ह्या दिवाळीला एक डोळा आणि अर्धी मिशी बाहेर आली आहे. मी काही विचारत नाही. विचारलं तर परत आत जातील.

तुझं मागचं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे. तू लिहिलंस, "यावंसं फार वाटतं अण्णा, पण येऊ कशी? तुमच्या दारात मी आता कोण म्हणून उभी राहू? सून म्हणून आले तर योहानला कुठे ठेवू? आणि त्याला बरोबर घेऊन आले तर सुधीरच्या घरात मी कोण?"

शाळेत एवढ्या कविता पाठ केल्या, एकीत हे नातं नव्हतं. मी पत्र हिला वाचून दाखवलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "विचार करते." त्याला महिना झाला. अजून करतेच आहे. तिला घाई करू नये हे मी संसारात शिकलो आहे, म्हणून मीही थांबलो. पण तुझा हिरमोड होऊ नये म्हणून आज एवढं तरी लिहावं म्हटलं, की

बेल वाजली. शेवंती असेल, नाचणीच्या निरोपाची. थांब.

शेवंती नव्हती. घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे.

दार हिने उघडलं. बाहेर एक उंच, गोरा माणूस उभा होता. ऊन नसूनही घामाने निथळत होता, बुटांना रेल्वेच्या पुलावरची सगळी धूळ. बोलला काहीच नाही. दोन्ही हातांत एक पांढरं कापड ताणून धरलं होतं, शाळेतली मुलं पाटी धरतात तसं. त्यावर जांभळ्या पेन्सिलीने माझ्या अक्षरात आपला पत्ता. स्टेशनपासून रिक्षावाल्यांना, पानवाल्याला, सगळ्यांना ते दाखवत आला होता. आणि पत्त्याच्या वर विटलेलं, डाव्या बाजूला घसरलेलं स्वस्तिक. बाईंनी उलटी करून दिलेली पिशवी त्याने उसवून सरळ केली होती. ज्या खुणेने त्याला बाप दिसू दिला नाही, ती छातीशी धरून तो माणूस डोंबिवलीच्या बाजारातून चालत आला, मंदा.

ही पहिल्यांदा कापडाकडे बघत राहिली. मग वर, त्याच्या तोंडाकडे. ओळख पटायला अर्धी मिशी पुरली.

मी मागून इंग्रजीत काहीबाही बोललो. ठाण्याला माजिवड्याजवळच्या कारखान्यात यंत्र बसवायला आठ दिवसांसाठी आलोय, म्हणाले. तुला न सांगता आलोय इथे, कारण तू येऊ दिलं नसतंस.

ही ऐकत नव्हती. आत गेली. मला वाटलं, गेली, आता दोन दिवस मुकी. पण ती भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. तुकडा त्यांच्यावरून ओवाळला, त्यासाठी चवड्यांवर उभी राहिली, तरी पुरेना तेव्हा ते आपणहून वाकले. पायांवर पाणी घातलं, बूट मोजे भिजले. करंड्यातलं कुंकू वाकड्या बोटाने कपाळाला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुझ्या महिनाभराच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहितो आहे, जसंच्या तसं:

"अहो, बघत काय उभे राहिलात? जावईबापूंना आत घ्या."